फक्कीचा चौकोन

समजा, मुलांनो, तुम्ही सहावीत आहात आणि अख्खी शाळा मैदानात रांगा लावून उभी आहे. टिटवीला अपशकुनी म्हणून दगड मारणाऱ्या गावाला शाळेतल्या द्वारकाबाईंनी टिटव्या राखायला शिकवलं. त्या गेल्या, आता त्यांचं शिल्प इथे बसणार आहे. ज्या मुरमाड कोपऱ्यात त्या पाखरं बघत बसायच्या, तिथेच शिल्पकाराने फक्कीने चौकोन आखलाय. चौथऱ्यासाठी जेसीबी खणायला आलाय.

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. चौकोनात खड्यांसारखी दिसणारी चार अंडी होती, ती फक्त तुमच्या रांगेतल्या केतकीने ओळखली. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती.

"बाईंना सलामी देतेय बघा!" शिपाईमामा हसले.

"सर, तिथे..." केतकीने चौकोनाकडे बोट दाखवलं.

"रांगेत राहा गं. पाहुणे आलेत," मुख्याध्यापकांनी डोळे वटारले.

जेसीबी घरघरत पुढे सरकला. तेवढ्यात टिटवी खाली उतरली आणि अंड्यांपुढे पंख पसरून त्या लोखंडी दातांसमोर उभी राहिली. मूठभर जीव, पण जागचा हलेना.

"ए पोरी! मरशील! मागे हो!" ड्रायव्हर किंचाळला.

केतकी धावत चौकोनात शिरली होती. तिने डोळे घट्ट मिटले आणि टिटवीच्याही पुढे उभं राहून दोन्ही हात पसरले.