ओल्या लुगड्यानं

दुर्गाने ओव्हनच्या बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"काय झालं?" मागून सासूने, तुळसाबाईने, विचारलं.

"आई, हे करंट मारते. यायनं सांगून ठेवलं, पायात चप्पल घातल्याशिवाय हात लावू नोको म्हणून."

"नैवेद्याच्या जागी चप्पल?" तुळसाबाईने कानांना हात लावले. "देवाच्या कामात काही होत नाही. फिरव."

चंपाषष्ठी होती. खंडोबाचे रोडगे आणि भरताची वांगी भाजायची ती गोवऱ्यांच्या आरात. पण दोन दिवसांच्या मावठ्याने उकव्याच्या खाणीतल्या क्वार्टरांमागे रचलेल्या गोवऱ्यांचं पुन्हा शेण करून टाकलं होतं. षष्ठी काही कोणासाठी थांबत नाही. म्हणून मग खाणीतल्या साहेबाकडून जुन्यात घेतलेला हा ओव्हन. दुर्गाचा नवरा खेमराज खाणीत फिटर होता. पाळीवर जाताना त्याने ओव्हनच्या तारा भिंतीतल्या सॉकेटच्या भोकांत काडीने खोचून दिल्या होत्या. बटणाच्या पहिल्या खुणेवर खालची तार तापते, दुसरीवर वरची, तिसरीवर दोन्ही, हे बायकोला समजावलं. हात कोरडे ठेव, पायात चप्पल घाल, असंही बजावलं. आईला सांगायला मात्र त्याची जीभ उचलली नाही.

कारण नवस आईचा होता. सुनेची कूस दोनदा रिकामी झाली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तुळसाबाई खंडोबाला बोलली होती, या वेळी टिकू दे, पोटुशी स्वतः न्हाऊन ओल्या लुगड्यानं तुझा नैवेद्य करील. आता सातवा लागला होता.

दुर्गाच्या लुगड्याचं पाणी टपटप फरशीवर पडत होतं. थंडीने तिचे दात वाजत होते. पायाखाली घ्यावा तर पाटही आत्ताच धुतलेला. तिने डावा हात पोटावर ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताने बटण पहिल्या खुणेवर आणलं.

काही झालं नाही. खालची तार हळूहळू लाल झाली. थोड्या वेळाने कणकेचा खरपूस वास सुटला.

"पाहा," तुळसाबाई म्हणाली. "उगाच भेते."

रोडग्यांचे बूड भाजले, पण वर पांढरेच राहिले. वरच्या जाळीवरची वांगी तर नुसती कोमट झाली होती. दुर्गाने बटण दुसऱ्या खुणेवर नेलं आणि तिच्या बोटांतून कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. पोटात बाळ हाललं. हाललं की दचकलं? ती श्वास रोखून उभी राहिली. मग बाळ कितीतरी वेळ हाललंच नाही. पण नैवेद्य होताना अभद्र बोलू नये म्हणून ती गप्प राहिली.

वांग्यांची साल काळी पडून तडकली. रोडगे अजून मधे कच्चेच होते.

"आता दोन्ही तारा लाव," तुळसाबाई म्हणाली.

"नाही." या घरात आल्यापासून हा शब्द दुर्गाने सासूसमोर पहिल्यांदा उच्चारला होता. "माझा हात नाही जात, आई."

तुळसाबाईचा चेहरा उतरला. भ्यायली ती, आणि भ्यायलेलं माणूस रागावतं तशी रागावली. "देवापुढं कच्चा नैवेद्य ठेवू? पुन्हा तसंच व्हावं म्हणतं का?"

दुर्गाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

"सरक. काही होत नाही, दाखवतो तुले." तुळसाबाईने तिला बाजूला सारलं. तीही नुकतीच न्हायलेली, तिचंही लुगडं ओलं, पाय अनवाणी. "आई, नोको!" असं दुर्गा ओरडेपर्यंत तिने बटण मुठीत धरलं होतं.

तुळसाबाई ओरडलीसुद्धा नाही. मागच्या मागे फेकली गेली आणि भिंतीला पाठ आपटून खाली बसली. उजवा हात मांडीवर आखडून पडला होता. ओव्हन आपला गुणगुणत होता.

दुर्गा तिच्याजवळ वाकली. बऱ्याच वेळाने तुळसाबाईचे ओठ हालले.

"तुले बी असंच मारलं?"

"मघाशी. थोडं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं तं होतं."

तुळसाबाईची नजर सुनेच्या पोटावर गेली. "हालते का?" तिने विचारलं.

दुर्गाने दोन्ही हात पोटावर ठेवले. बाहेर वळचणीचं पाणी ठिबकत होतं. दोघी त्या पोटाकडे पाहत राहिल्या.

"हौ," दुर्गा म्हणाली. "हाललं."

तुळसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग ती भिंतीला धरून उठली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल होता आणि डाव्या हातात खेमराजच्या रबरी चपला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती थबकली. तिने समोर मांडलेल्या नैवेद्याच्या ताटाकडे पाहिलं आणि ती आत आली.

सुनेच्या पायाशी बसून तिने एका हाताने तिचे पाय पुसले. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पुसले. मग एकेक चप्पल तिच्या पायात सरकवली.

"पहिले लुगडं बदल," ती खाली मान घालूनच म्हणाली. "खंडोबाले मी पाहून घेईन."