रंगुबाईचा हुंकार

तिसरी गोष्ट सुरू झाली आणि सुकन्या सरसावून बसली. आता तिचा आवाज येणार होता.

भर दुपारी खर्डा गावातल्या घरात टीव्हीवर गोऱ्यांचा सिनेमा चालला होता. घोडी, बंदुका, नजर पोचेल तिथवर उजाड माळ, आणि एकाच सिनेमात पाच वेगवेगळ्या गोष्टी. बोलणं मात्र मराठीत. त्या गोऱ्यांना मराठी आवाज द्यायच्या कामासाठीच सुकन्या पुण्यात राहायची. तिच्या वडिलांना, वाल्मिकला, ते काम वाटतच नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं, ही काय नोकरी झाली? पोरीला आता घरी आणायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. पण घरात शेवटचा शब्द त्याच्या आईचा, रंगुबाईचा. ती म्हणाली, आधी बघू तर द्या. आपला आवाज कोणता, हे सुकन्यानं मुद्दामच सांगितलं नव्हतं.

रंगुबाई मेथी निवडत बघत होती. गोष्ट म्हटली की हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणारा थांबतो, ही तिची लहानपणापासूनची सवय. टीव्ही थांबत नाही, हे तिला कोण पटवणार! पहिल्या गोष्टीला ती "हं, हं" करत राहिली. दोघांनी एकमेकांना गोळ्या घातल्या नि गोष्ट संपली, तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं. घोडी लई देखणी, म्हणाली, पण मेलेल्याच्या आईला कुणी कळवलं का न्हाई, ते दाखवलंच न्हाई. दुसरीत फासावर जाता जाता चोर हसला, ते मात्र तिला फार आवडलं. चोर असला तरी गडी खमक्या, असं तिचं मत पडलं.

तिसरीत माळावर गाडीचं चाक मोडलं होतं. सोबतचे लोक पुढं निघून गेलेले. मागं उरली एक म्हातारी आणि तिचा बैल. या म्हातारीचा आवाज स्टुडिओत काही केल्या सापडेना, तेव्हा सुकन्यानं डोळे मिटून घरच्या गोठ्यात बैलाशी चालणारं बोलणं आठवलं होतं.

"तू बी म्हातारा, मी बी म्हातारी," पडद्यावरची बाई बैलाला म्हणाली. "आता कोनी कुनाला वढायचं रं?"

रंगुबाईचा हुंकार थांबला. मेथीची काडी हातातच राहिली. म्हातारी बैलावर रुसली, मग त्याच्याच गळ्यात पडून रडली, तरी रंगुबाईच्या तोंडून हूं की चूं नाही. सुकन्याला वाटलं, एवढा जीव ओतला, आणि आजीला नेमकी हीच गोष्ट आवडली नाही. वाल्मिकनं आईकडं पाहिलं आणि टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

सुकन्याला राहवलं नाही. "आजी, या गोष्टीला हुंकार नाही दिलास?"

रंगुबाईनं काडी परातीत टाकली. लेकाच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि नातीकडं दिला.

"सांगनारी मीच हुते की गं," ती म्हणाली. "आपल्याच गोष्टीला आपुन कसा हुंकार द्यायचा?"