मिठाचं पाणी

मंजुषानं मगभर पाण्यात मूठभर मीठ टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि योगिनीताईंच्या खिडकीतल्या स्पायडर प्लांटच्या कुंडीत ओतलं. सूड घ्यायचा तर आपल्या घरचं मीठ कशाला वाया घालवा? मीठही योगिनीताईंच्याच ओट्यावरच्या बरणीतलं होतं. कुंडीखालची ताटली काठोकाठ भरली. ती तिनं तशीच राहू दिली आणि पुढच्या कुंडीसाठी मग भरायला घेतला.

योगिनीताई समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला जाताना त्या किल्ली मंजुषाकडे देऊन गेल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांचा जीव या झाडांत होता. एकाच कुंडीतून लोंबणारी पिल्लं तोडून, पेल्यातल्या पाण्यात त्यांना मुळं फुटू देऊन त्यांनी अख्खी खिडकी भरून टाकली होती. निघताना सूचना झाल्या. थेट ऊन लागू देऊ नका. वरची माती सुकली की मगच पाणी घाला. नळाचं पाणी लगेच नको, रात्रभर बादलीत राहू द्या, नाहीतर पानांची टोकं करपतात. मंजुषानं सगळं मन लावून ऐकलं. वैऱ्यानं आपणहून आपलं वर्म सांगितलं तर ऐकून घ्यावं.

वैर तसं जुनं नव्हतं. मंजुषाच्या मुलीचं, निकिताचं लग्न पिंपळगाव बसवंतला जवळजवळ ठरलं होतं. एकुलता मुलगा, द्राक्षांचं स्वतःचं पॅकहाउस, दारात दोन गाड्या. साखरपुड्याची साडीसुद्धा घेऊन झाली होती. मग मुलाकडच्यांनी चौकशी केली. अशी चौकशी मुलीच्या घरी कुणी करत नाही, समोरच्या दारी करतात. मुलाचे काका आणि आत्या योगिनीताईंकडे चहा पिऊन गेले, आणि पुढच्याच आठवड्यात मध्यस्थ धोंडीराममामांचा फोन आला.

"ताई, त्यांचं मन नाय आता. तुमची शेजारीणच म्हणली, पोरगी लय हट्टी हाय, घरात कुणाचंच ऐकत नाय."

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं, आता त्यांना काय तोंड दाखवायचं? निकिता मात्र काहीच झालं नाही अशी डबा घेऊन द्वारका चौकाजवळच्या तिच्या लॅबमध्ये कामाला गेली. पोर किती मुकाट्यानं सोसते, या विचारानं मंजुषाचा जळफळाट आणखीच वाढला.

पण ती योगिनीताईंना एका शब्दानं बोलली नाही. भांडून मोकळी होणारी बाई ती नव्हेच. संक्रांतीला तिळगूळ दिला, येता-जाता हसली, आणि वाट बघत राहिली. किल्ली हातात पडली तेव्हा तिला वणीची देवी पावल्यासारखं वाटलं.

आधी तिनं पाणीच तोडलं. पण झाडाची जात मोठी चिवट. मुळांशी पांढऱ्या जाड गाठी असतात, त्यांत पाणी साठवून ते खुशाल बसून राहतं. उपाशी ठेवलेल्या कुंडीनं उलट दोन नवे लांब देठ काढले, त्यांवर चांदण्यांएवढी पांढरी फुलं आली. ती आपल्याला वाकुल्या दाखवताहेत असंच मंजुषाला वाटलं. तेव्हापासून मीठ सुरू झालं. मग मात्र पानांची टोकं तपकिरी झाली, पानं मऊ पडली, बुंध्याशी सडका वास येऊ लागला. त्या वासानंही तिला बरं वाटायचं. मेलेल्या पिल्लांना हात लावून बघितल्याशिवाय ती कुलूप लावत नसे.

रविवारी सकाळी योगिनीताई परतल्या. मंजुषा त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या घरात शिरली. तो चेहरा बघण्यासाठी तर तिनं एवढं सगळं केलं होतं. त्यांची बॅग उचलून निकिताही मागून आली.

योगिनीताई खिडकीपाशी गेल्या. त्यांनी जुन्या, पहिल्या कुंडीतल्या रोपाला हात लावला, तर ते मुळासकट लिबलिबीत होऊन हातात आलं. मातीवर पांढरा थर धरला होता. त्यांनी तो बोटानं खरवडला, जिभेला लावला आणि खालीच बसल्या. त्या रडत नव्हत्या, नुसत्या कुंड्यांकडे बघत होत्या. मंजुषानं कितीतरी दिवस मनात घोळवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"तुम्ही माझ्या लेकीचा संसार उभा राहू दिला नाहीत. मी तुमच्या घरात काही जगू दिलं नाही."

योगिनीताई यावर काहीतरी बोलतील, आकांडतांडव करतील, अशी तिची तयारी होती. पण त्यांनी मंजुषाच्या खांद्यावरून मागे निकिताकडे पाहिलं आणि नको, अशी मान हलवली.

निकितानं बॅग खाली ठेवली.

"नाही काकू, आता पुरे. आई, त्या लोकांना तसं सांगायला मीच लावलं होतं काकूंना. मला नव्हतं करायचं तिथे लग्न."

 मंजुषाला रागच आला. सख्ख्या आईला सोडून पोर शेजारणीकडे गेली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पत्रिका पाठवलीस तेव्हा सांगितलं. ते बघायला आले तेव्हा सांगितलं. साडीच्या दुकानात तर रडून सांगितलं," निकिता म्हणाली. "काकूंना एकदाच सांगावं लागलं."