शेजारी ठेवलेली चावी

अनुजाने ट्रंक तिसऱ्यांदा उपसली. गिरणीचा बिल्ला निघाला, रेशनकार्डाच्या सात झेरॉक्स निघाल्या, गावच्या देवळातल्या अंगाऱ्याची पुडीही निघाली. अप्पांनी जन्मात काही फेकलं नव्हतं. हवा तो कागद मात्र नव्हता.

त्या कागदावर बारा शब्द होते. अनुजा ज्या ॲपवर काम करायची, त्यात माणसाने आपला आवाज, फोटो, कागदपत्रं ठेवायची. ठेवण्याआधी फोनमध्येच त्यांना कुलूप लागायचं. मग त्यांचे तुकडे जगभरातल्या अनोळखी संगणकांवर जाऊन बसायचे. ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाच खोडता न येणाऱ्या सगळ्यांच्या वहीत, राहायचा फक्त एक ठसा, वस्तूला कुणी हात लावलेला नाही एवढं सांगणारा. मधे कुणी मालक नाही, कुणी साहेब नाही. चावी म्हणजे ते बारा शब्द, आणि ते ज्याचे त्यालाच ठाऊक. "आम्ही बनवलंय, पण आम्हालासुद्धा उघडता येत नाही," असं ती मीटिंगमध्ये छाती काढून सांगायची. आता अप्पा जाऊन दीड महिना झाला होता, आणि खरंच उघडता येत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिनेच अप्पांच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं होतं. "काहीतरी बोला, आणि शब्द कागदावर लिहून जपून ठेवा. मलासुद्धा दाखवू नका," असं बजावलं होतं. अप्पा म्हणजे गिरणीतला माणूस. सांगितलेलं काम त्यांनी चोख केलं. पुढे आजारपणाच्या धावपळीत तो फोन कुठेतरी हरवला. अनुजाच्या स्क्रीनवर रोज तेवढी एकच ओळ यायची: एक नोंद, चाळीस सेकंद, सुरक्षित.

चाळीस सेकंदांत माणूस काय बोलेल? अनुजाला एकच शब्द हवा होता. चुकलो.

आठ वर्षांपूर्वी तिला शेजारच्या राजरत्नशी लग्न करायचं होतं. नायगावच्या चाळीत दोन्ही खोल्यांना भिंत एकच होती. जात एक नव्हती. घराला कुलूप लावून कुठे जायचं झालं की अप्पा चावी राजरत्नच्या आईकडे, रमाबाईंकडे द्यायचे. तीस वर्षं दिली. पण उंबऱ्याबाहेरूनच. रमाबाई दर वेळी विचारायच्या, "चहा घेता?" आणि अप्पा दर वेळी म्हणायचे, "आत्ताच घेतला." चावी चालायची, चहा चालायचा नाही. लग्नाला अप्पा नाही म्हणाले. अनुजाने ते ऐकलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं औषधं आणि भाजीपुरतं उरलं. पाच वर्षांनी राजरत्नने लग्न केलं. तिने केलं नाही.

"काय शोधतंस गो इतक्या?" खाटेवरून आईने, मालनने विचारलं.

"चावी, आई. अप्पांची."

"मगे ट्रंकेत कित्याक हात घालतंस?" मालनला लेकीच्या अकलेची कीव आली. "चावी काय घरात ठेवतत? चावी शेजारी ठेवतत."

चाळ पाडायला घेतल्यावर हे लोक लालबागला भाड्याने राहायला आले होते. रमाबाई नायगावातच राहिल्या होत्या, जुन्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. अनुजा त्यांच्या घराचा जिना चढली. आठ वर्षांत तिने या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. रस्त्यात दिसल्या की ती फोन कानाला लावायची.

रमाबाईंनी दार उघडलं. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत गेल्या. चाळीतल्यासारखा इथेही दारामागे एक खिळा होता. त्याच्यावर अप्पांच्या जुन्या खोलीची चावी लटकत होती. खोली पडली होती, पण चावी कुणी परत न्यायला आलं नव्हतं. तिच्या कडीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद दोऱ्याने घट्ट बांधला होता.

"दिवाळीच्या आधी आले होते," रमाबाई म्हणाल्या. "सांगून गेले, अनू येईल, तिलाच द्या. मी म्हटलं, येईल तेव्हा देईन. आपण कशाला हाक मारा?"

"आत आले होते?"

"तू आधी ऐक. मी चहा टाकते."

भिंतीवर राजरत्नचा फोटो होता. शेजारी बायको, कडेवर मुलगी. अनुजाने तो एकदा नीट पाहिला आणि मान खाली घालून शब्द टाइप करायला घेतले. फणस. पातेलं. भरती. अप्पांचं अक्षर मोठं आणि तिरकं होतं, प्रत्येक शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली. ते पाहूनच तिला त्यांची इतकी आठवण आली की पुढची अक्षरं दिसेनात. बाराव्या शब्दाला कुलूप उघडलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रमाबाईंचा. "लाल दिवा लागलाय. बोला आता."

अप्पा खाकरले. मग काहीच नाही. पंखा फिरत होता. दहा सेकंद गेले, वीस गेले. एकदा "अनू" म्हणाले आणि थांबले. अनुजा फोन कानाशी दाबून बसली. तो एक शब्द काही येईना. तिसावा सेकंद गेला. शेवटी इथेही जमलं नाही तुम्हाला अप्पा, असं तिच्या मनात आलं.

मग बशी वाजली. पाठोपाठ एक लांबलचक फुरका ऐकू आला. हा फुरका तिने हजारांत ओळखला असता. रोज सकाळी याच आवाजाने तिला जाग यायची.

बशी खाली ठेवली गेली. मग अप्पांचा आवाज आला, एकदम जवळून, मऊ.

"रमाबाई, आणखी अर्धो कप मिळात?"