एका स्टेशनला एकच बोल्ट

पुरीसारखी टम्म फुगलेली बॅटरी एकदाची फोनमधून सुटली. गणराजनं ती दोन बोटांत धरून दाराबाहेर नेऊन ठेवली आणि मगच श्वास सोडला. गुरुवार, कंपनीच्या सुट्टीचा वार. कुरुळीतल्या त्या चाळीत बाकीची माणसं धुण्या-अंघोळीत रमलेली, आणि हा बाबा सकाळपासून मांडी घालून बसलेला. गरम पाण्याच्या पिशवीवर फोन ठेवून शेकायचा, डिंक मऊ झाला की जुनं ओळखपत्र आत सरकवून उचकटायचं, परत शेकायचा.

"काय करायलाव हो तुमी? दुकानात टाकायचा की," विजयश्री पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"दुकानवाला म्हणतो, चार दिवस ठेवून जा. चार दिवस हजेरी कशी लावू?"

ठेकेदाराचा कायदा मोठा सोपा. गेटवर आपापल्या फोनमध्ये तोंड दाखवायचं, हिरवी टिक आली की हजेरी लागली. फोन बदलला की माणूस बदलला. मागची नोकरी पुसली जायची आणि पहिल्यापासून श्रीगणेशा. गणराजची चार वर्षं या फोनात होती. सलग चार वर्षं भरलेल्या माणसांना दिवाळीनंतर कायम करणार, अशी बोली होती, आणि यानं तर परळीला आईला सांगूनही टाकलं होतं की आपलं झाल्यात जमा आहे. आता बोला! सगळा संसार या वीतभर डबड्यावर उभा, आणि डबडं गेटवर टिक यायच्या आधीच मान टाकायचं.

नवी बॅटरी त्यानं देवाला फूल वाहावं तशी हलक्या हातानं खाचेत बसवली. बटण दाबलं. दोघं श्वास रोखून बघत राहिली. पडदा उजळला. हजेरीचं ॲप उघडलं, त्यात गणराजचं नाव आलं आणि नावाखाली चार वर्षांपूर्वीचा फोटो.

"अगं बाई, केस काळे होते की तुमचे!" विजयश्री पिठाच्या हातानं तोंड झाकून हसली.

गणराजला इतका आनंद झाला की त्यानं उगाचच ॲप दोनदा बंद करून उघडलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

"झालं ना? आता राहू द्या तसाच. झाकण बसवा, वरनं मी रबर लावते."

"आणि हे स्क्रू?"

"चाललाय की तो! कशाला परत हात लावता?"

"बोल्ट मोकळा ठेवून माल पुढं सोडायचा नसतो, विजू."

हे काही त्याचं आजचं बोलणं नव्हतं. गाडीच्या ॲक्सलच्या लाइनवर दिवसभर तेच काम. हातात टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट आवळायचा पाना, आणि समोर बोल्ट. रेंचमधून कट् असा आवाज आला की बोल्ट बसला, माल पुढं. आवाज येईपर्यंत हात काढायचा नाही.

स्क्रू त्यानं एका वाटीत काढून ठेवले होते, सगळे एकत्र. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा तांदळाच्या कणीएवढा जास्त लांब होता, ते काही त्याच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? लाइनवर एका स्टेशनला, म्हणजे एका माणसाच्या उभं राहायच्या जागेला, एकच बोल्ट येतो. लहान-मोठा निवडायची सवय हाताला लागणार कुठून?

कोपऱ्यातले स्क्रू सुतासारखे बसले. मधल्या भोकातला निम्म्यात अडकला, डोकं वरच राहिलं. दुसरा कोणी असता तर त्यानं काढून बघितला असता. गणराजचा हात आवाजाची वाट बघत होता. त्यानं अंगठ्यानं जोर दिला आणि आणखी फिरवला.

कट्.

"बसला," तो समाधानानं म्हणाला.

फोन उलटा केला तर पडदा काळा. बटण दाबलं. चार्जर लावला. बटण दाबून धरलं, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. मग त्यानं ते सगळे स्क्रू परत काढले. आतली सर्किटची हिरवी पट्टी मधोमध तडकली होती.

विजयश्रीनं गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ येऊन बसली. गणराजला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण शेजारच्या खोलीत माणसं होती. तिनं स्वतःचा फोन त्याच्यापुढं सरकवला. त्यानं किसनला लावला. किसन म्हणजे ठेकेदाराचा गेटवरचा माणूस.

"अरे मग एवढं काय घाबरतो भावा?" सगळं ऐकून किसन म्हणाला. स्पीकर चालू होता. "काम कुठं पळून चाललंय? उद्या वहिनींचा फोन घेऊन ये. नवा फोटो काढू, नवी जॉइनिंग करू."

"आणि माझी चार वर्षं?"

"ती त्या फोनात होती ना राव. मी काय करणार? सिस्टीम हाय ती."

गणराज एकेक स्क्रू परत वाटीत टाकत राहिला.

"लवकर ये पण," किसन आपला मायेनं सांगत होता. "नव्या माणसाला आधी आठवडाभर ट्रेनिंग असतं. बोल्ट कसा आवळायचा ते शिकवतात. त्याबिगर लाइनवर उभं करत न्हाईत."

फोन बंद झाला.

"शिकवतं कोण?" विजयश्रीनं विचारलं.

"आत्तापर्यंत मीच शिकवायचो," गणराज म्हणाला.