मालकाच्या रकान्यात धाकटा

"माणसाचं नाव त्याच्यापासून कुणीही हिरावून घेऊ शकत नाही!" दादांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. नाव सहा वाजता जाणार होतं.

दादांच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनत. त्या कारखान्याचं हे इंटरनेटवरचं नाव. पेशंटांची मापं त्याच पत्त्यावर यायची. नाव नोंदवणारी जुनी कंपनी आज सहाला गाशा गुंडाळत होती. तोवर ते नव्या कंपनीकडे हलवलं नाही, तर मोकळं, कुणीही उचलावं. हलवायला एक कोड लागत होता. तो फक्त नोंदलेल्या मालकाच्या ईमेलवर जायचा. आणि मालकाच्या रकान्यात धाकट्या भावाचं नाव होतं, कारण वीस वर्षांपूर्वी फॉर्म त्यानं भरला होता. लेथ मशीन खिडकीशी ठेवायचं की दाराशी, या जागतिक प्रश्नावरून दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते.

"अहो, मी त्याचा सख्खा थोरला भाऊ!" दादा फोनवर कळवळले.

"थोरला भाऊ असा रकाना नाही, सर," कंपनीतली मुलगी म्हणाली. "नोंद मशीन वाचतं. माझं काही चालत नाही."

दादांनी मालक बदलायचा अर्ज तीनदा भरला. मशीननं तीनदा फेटाळला. शर्ट पाठीला चिकटला. भिंतीला टेकलेले चौदा अर्धवट पाय त्यांच्याकडे बघत होते.

"जगाचे पाय बनवता," बायको म्हणाली, "स्वतःचा एक पुढे टाकवत नाही. लावा भावजींना फोन!"

पावणेसहाला त्यांनी लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. दादांनी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती.

"कोड," एवढंच बाहेर पडलं.

धाकट्यानं ईमेल उघडून एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मशीननं मान्य केलं. दादांनी खुर्चीत अंग टाकलं.

"आता सगळीकडे माझंच नाव घालतो," ते म्हणाले. "तुला पुन्हा त्रास नको."



"दादा, दरवर्षी त्या कंपनीचं ईमेलवर एक पत्र येतं. त्यात संपर्काला तुझं नाव, मालक म्हणून माझं नाव, कारखान्याचा पत्ता. खाली विचारतात, ही माहिती अजून बरोबर आहे का? नऊ वर्षं मी 'हो' दाबतोय." धाकट्यानं घसा खाकरला. "नव्या कंपनीचंही तेवढं पत्र येऊ दे ना मला. काम नाही सांगितलंस तरी चालेल."