फडक्याखालचा नंबर

उचलताना साखळी तुटून ज्या इंजिनाखाली माझा मेहुणा वॉल्टर चिरडला गेला, ते इंजिन माझ्या बहिणीने, व्हर्नाने, स्वतः उभं राहून भंगार दाबायच्या यंत्रात चेपून घेतलं होतं. नवऱ्याची जुनी, दणदणीत इंजिनाची लाल मसल कार मात्र तिला पुन्हा धावायला हवी होती. म्हणून दुसरं इंजिन निवडायला आम्ही टोलेडोच्या भंगारवाड्यात आलो.

ती गाडी बनली त्या काळी कारखान्यात प्रत्येक गाडीचा वेगळा नंबर तिच्या इंजिनावरही ठोकत. व्हर्नाने पहिल्या इंजिनावरचं ग्रीस पुसलं. खाली वॉल्टरच्याच गाडीचा नंबर होता.

"हे नको. दुसरं दाखव," ती वाड्याच्या मालकाला म्हणाली.

दुसऱ्यावरही तोच होता. तिसऱ्यावरही.

"तू याला आधी फोन केलास," ती माझ्यावर उखडली. "दोघांनी मिळून आकडे ठोकलेत."

"बाई, ग्रीसचा थर बघा," वाड्याचा मालक क्लाइड म्हणाला. "कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

"तू गप्प बस."

माझे डोळे आता भरवशाचे नाहीत, म्हणून मी आकड्यांवरून बोट फिरवलं. "कदाचित..." मी म्हणालो.

"कदाचित काय? जन्म पुस्तकांत घातलास आणि सांगायला एवढंच?" फडकं उचलून ती तरातरा आमच्या नव्याकोऱ्या ट्रककडे गेली. "मग यातही असेल की तोच."

तिने बॉनेट उघडलं, वाकून इंजिन पुसलं आणि तशीच वाकून राहिली.

"व्हर्ना, घरी जाऊ या."

तिने न वळता फडकं मागे माझ्याकडे धरलं. आवाजात राग उरला नव्हता.

"आता तू वाच."